अ‍ॅशलीचे लिंग कोण ठरवणार?

१९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटाची श्रेयनामावली आज वाचली तर गंमत वाटते. नायिका ज्याच्यासाठी झुरते त्या पुरुषाचे नाव अ‍ॅशली. ती भूमिका करणारा नट लेस्ली हॉवर्ड. नायिका झाली आहे व्हिव्हियन ली, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या कामात आहे इव्हलिन कीज. आजच्या विशीतल्या अमेरिकी माणसाला ही चारही नावे बायकांचीच वाटतील. त्या काळच्या प्रेक्षकाला अ‍ॅशली आणि लेस्ली ही सरळसरळ पुरुषी नावे होती, आणि इव्हलिन वॉ नावाचा पुरुष तेव्हा इंग्लंडातला नामवंत कादंबरीकार होता. खुद्द व्हिव्हियन लीचा जन्म १९१३ साली दार्जिलिंगला झाला तेव्हा तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरांत 'ए' होता. नटी झाल्यावर तिने तिथे 'ई' घातला, कारण त्या स्पेलिंगने नाव अधिक बायकी दिसते. आपल्या व्हिव्हियन रिचर्ड्सचा 'ए' मात्र जिथल्या तिथे राहिला.

हे सांगायचे कारण असे की नावावरून बाई की पुरुष हे ओळखण्याचे काम आता आपण फॉर्मवर, संगणकावर आणि काही देशांत तर कायद्यावरही सोपवले आहे. माझे म्हणणे आहे की ते काम यातल्या कोणाचेच नाही. नावाला स्वतःचे लिंग नसते. अमुक देशात, अमुक साली, अमुक स्पेलिंगने ते नाव जास्त करून कोणाला ठेवले जात होते एवढीच माहिती त्यात असते, आणि ती माहिती फार लवकर शिळी होते. अ‍ॅशलीइतके याचे चांगले उदाहरण दुसरे नाही.

अ‍ॅशली हे मुळात माणसाचे नावच नव्हे. जुन्या इंग्रजीत 'अ‍ॅश' हे एक झाड. क्रिकेटचे स्टंप परंपरेने त्याच लाकडाचे करतात. 'लेआह' म्हणजे रान, किंवा रान तोडून काढलेली मोकळी जागा. अशा जागी वसलेल्या वाड्यांना अ‍ॅशली म्हणत, म्हणून इंग्लंडात या नावाची गावे एकाहून अधिक जिल्ह्यांत आहेत. गावावरून आडनाव पडले. आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होते, तिथे गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव झाले. मग जमीनदार घराण्यांत एक चाल पडली: आईच्या माहेरी वारस उरला नसेल तर ते आडनाव मुलाच्या नावात गुंफायचे. १६२१ साली जन्मलेल्या अँथनी अ‍ॅशली कूपरचे, म्हणजे शाफ्ट्सबरीच्या पहिल्या अर्लचे नाव असेच आले. आजोबा सर अँथनी अ‍ॅशली, त्यांची मुलगी ही वारसदार, म्हणून नातवाच्या नावात आजोबांचे नाव आणि आडनाव दोन्ही. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहराच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या अ‍ॅशली आणि कूपर या नद्यांना नावे मिळाली ती याच माणसावरून. आईचे आडनाव मुलाला देण्याची चाल अमेरिकेच्या दक्षिणेकडे चांगलीच रुजली, म्हणून १९३६ साली मार्गारेट मिचेलने आपल्या कादंबरीतल्या जॉर्जियाच्या मळेवाल्याला अ‍ॅशली हे नाव दिले तेव्हा ते अगदी चपखल बसले.

मात्र घराण्याचे आडनाव नाव म्हणून वापरायचे ठरले की ते मुलालाच द्यायचे, असा काही नैसर्गिक नियम नाही. मुलगा नसेल तर मुलीला द्यायचे, किंवा असला तरी द्यायचे. शार्लट ब्राँटेच्या १८४९ सालच्या 'शर्ली' कादंबरीत नेमके हेच होते. आईवडिलांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून घराण्यातले पुरुषी नाव तिलाच दिले. तोवर शर्ली हे आडनाव होते आणि क्वचित मुलाचे नाव. कादंबरीने ते मुलींसाठी मोकळे केले. १९२८ साली जन्मलेली बालनटी शर्ली टेंपल पडद्यावर आली आणि १९३५-३६ मध्ये अमेरिकेत मुलींच्या नावांत शर्ली दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ज्या पुरुषांची बारशी त्याआधी उरकली होती ते अडकले. शर्ली पोविच हे वॉशिंग्टन पोस्टचे नामांकित क्रीडालेखक. १९०५ चा जन्म, पुरुष. अमेरिकेतल्या कर्तबगार स्त्रियांच्या परिचयकोशात त्यांची नोंद झाली! यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्समध्ये १९३० साली जन्मलेल्या शर्ली क्रॅबट्रीने, ज्याच्या वडिलांचेही नाव शर्लीच होते, कुस्तीच्या आखाड्यात 'बिग डॅडी' हे नाव घेतले.

अ‍ॅशलीचे असेच झाले, फक्त उशिरा आणि अर्ध्याच जगात. अमेरिकेत १९६०च्या दशकात ते मुलींमध्ये दिसू लागले, १९८०च्या दशकात भराभर चढले आणि १९९१ व १९९२ अशी दोन वर्षे मुलींचे सर्वात लोकप्रिय नाव ठरले. मुलांमधून ते जवळपास नाहीसे झाले. अटलांटिकच्या अलीकडे मात्र त्याच काळात इंग्लंडातले आईबाप मुलांना खुशाल अ‍ॅशली म्हणत होते. १९८० चा फुटबॉलपटू अ‍ॅशली कोल, १९८५ चा अ‍ॅशली यंग. क्रिकेटवाल्यांना तर सांगायलाच नको. १९६९-७० च्या दौऱ्यात भारतात पाच कसोटींत २८ बळी घेणारा ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅशली मॅलेट, आणि २००१ साली बंगळुरूला लेग स्टंपबाहेर चिकाटीने टाकत राहून सचिनला ९० वर यष्टिचीत करवणारा इंग्लंडचा अ‍ॅशली जाइल्स. ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू बार्टी आणि गुजरात जायंट्सची गार्डनर या दोघींचेही नाव आपण अ‍ॅशलीच लिहितो, पण त्यांच्या स्पेलिंगच्या शेवटी 'एल-ई-आय-जी-एच' आहे, पुरुषांच्या शेवटी 'एल-ई-वाय'. लेस्लीचेही ब्रिटनमध्ये असेच दोन भाग पडले: 'आय-ई' असेल तर बहुधा पुरुष, 'ई-वाय' असेल तर बाई. देवनागरीत आले की ही खूण पुसली जाते. गोवा, वसई, वांद्रे इथे अ‍ॅशली, लेस्ली, व्हिव्हियन हे पुरुष सर्रास भेटतात. चार ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवणारे हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस आठवावेत. इथली नामकरणे ब्रिटिश वळणाची, अमेरिकेत काय झाले याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

यावर एक सोपे स्पष्टीकरण ठोकून दिले जाते: शेवटी 'ली' आले की नाव नाजूक वाटते, म्हणून ते मुलींकडे जाते. मग स्टॅन्ली, ब्रॅडली, वेस्ली, डडली का गेले नाहीत? स्टॅन्लीतही तोच 'लेआह' आहे, तोच शेवट आहे. उच्चार मदत करतो, ढकलत नाही. ढकलायला कोणीतरी ठळक मुलगी लागते, कादंबरीतली, पडद्यावरची किंवा मालिकेतली, आणि त्याहून जास्त लागते ती मुलांच्या आईबापांची माघार.

ही माघार कशी घडते ते बघण्यासारखे आहे. स्टॅन्ली लिबरसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकी समाजशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात इलिनॉय राज्यातल्या १९१६ ते १९८९ च्या जन्मनोंदींचा अभ्यास मांडला. मुलामुलींत समसमान वाटली गेलेली नावे फार थोडी, आणि स्त्री-पुरुष समतेची एवढी चर्चा होऊनही त्यांचे प्रमाण फारसे वाढले नाही, असे त्यांना दिसले. दोघांचे नाव फार काळ दोघांचे राहत नाही. याची तुलना त्यांनी अमेरिकी शहरांतल्या वस्त्यांशी केली: नवे लोक ठरावीक प्रमाणाबाहेर आले की जुने घरे विकू लागतात, एक गेला की दुसऱ्याला घाई होते, आणि कोणीच ठरवलेले नसताना मोहल्ला पालटतो. नावातही मुलींचा वाटा वाढू लागला की मुलांचे आईबाप ते टाळतात, त्यामुळे वाटा आणखी वाढतो, त्यामुळे आणखी लोक टाळतात. मुलींचे आईबाप मात्र उलट्या दिशेने असे बिचकत नाहीत. मुलीला पुरुषी नाव दिले तर ते ऐटदार, मुलाला बायकी नाव दिले तर ते लाजिरवाणे. या सगळ्या प्रवासाच्या तळाशी एवढीच गोष्ट आहे, आणि तिला भाषाशास्त्राचा मुलामा देण्याची गरज नाही. मुलींनी नाव 'पळवले' असे इंग्रजी जगात अनेकदा म्हटले जाते. पळवले कोणीच नाही. एका बाजूने सोडून दिले.

या विषमतेची किंमत मोजूनही पाहिली गेली आहे. डेव्हिड फिग्लिओ या अर्थतज्ज्ञाने २००७ साली दाखवले की ज्या मुलग्यांची नावे एरवी मुलींना ठेवली जातात, त्यांच्या वर्तनाच्या तक्रारी माध्यमिक टप्प्यावर, म्हणजे साधारण सहावीत, इतरांपेक्षा वाढतात. उलट २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण कॅरोलिनातल्या ज्या वकील स्त्रियांची नावे पुरुषी वाटतात, त्यांची न्यायाधीश होण्याची शक्यता जास्त आढळली. फिग्लिओचा निष्कर्ष दाखवून काही जण म्हणतात, बघा, म्हणूनच नाव स्पष्ट असावे. मला त्यातून दुसरेच दिसते. दोन्ही अभ्यासांत नाव जड झाले वा हलके झाले ते बघणाऱ्यांच्या नजरेत. सहावीतल्या पोरांनी चिडवले म्हणून नाव बदलायचे, तर न्यायाधीश व्हायचे म्हणून सगळ्या मुलींना स्टॅन्ली म्हणायचे का?

नावे फक्त मुलांकडून मुलींकडे जातात, हेही पूर्ण खरे नाही. इव्हलिनचेच बघा. मध्ययुगात अ‍ॅव्हलिन हे बायकांचे नाव होते; त्यावरून आडनाव झाले; आडनावावरून सतराव्या शतकानंतर पुरुषांचे नाव झाले; आणि मग ते पुन्हा बायकांकडे आले. इव्हलिन वॉने १९२८ साली लग्न केले ते इव्हलिन गार्डनर हिच्याशी, आणि मित्रमंडळी त्यांना 'ही-इव्हलिन' व 'शी-इव्हलिन' म्हणत. मुळात मध्ययुगीन इंग्लंडात फिलिप हे नाव बायकाही वापरत. दप्तरात लॅटिनमध्ये लिहिताना कारकून त्याचे फिलिपा करी, घरी हाक फिलिप अशीच. म्हणजे नावाला लिंग चिकटवण्याचे काम तेव्हाही आधी दप्तराने केले.

आता आकड्यांविषयी, कारण नावावरून लिंग सांगणारी यंत्रे याच आकड्यांवर पोसली जातात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी, म्हणजे सामाजिक सुरक्षा खात्याची बाळांच्या नावांची यादी १८८० पासूनची आहे, पण ती कार्डासाठी आलेल्या अर्जांवरून केलेली आहे, आणि १९३७ च्या आधी जन्मलेल्या अनेकांनी असा अर्ज कधी केलाच नाही. वर्षात पाचपेक्षा कमी वेळा आलेले नाव यादीत येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा तीनची. प्रत्येक स्पेलिंग वेगळे मोजले जाते, त्यामुळे अ‍ॅशलीची चार-पाच स्पेलिंगे एकत्र केल्याशिवाय नावाचे खरे वजन कळत नाही, आणि एकत्र केली की ब्रिटनमधला फरक मिटतो. चुकीची खूण हाही एक घोळ आहे. एखाद्या वर्षी ४०,००० मुलींना एक नाव मिळाले आणि हजारात एका अर्जावर लिंगाची खूण चुकली, तर यादीत ४० 'मुलगे' दिसतात. ते मुलगे नसतातच. क्रमांक आणि वाटा यांची गल्लत तर नेहमीची: मुलांत नाव वाढत असतानाच मुलींत त्याहून वेगाने वाढले तर मुलांचा वाटा घटतो, आणि उतावळा वाचक म्हणतो, मुलांनी नाव सोडले. सर्वात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. जन्माचे आकडे हे त्या वर्षीच्या बाळांचे असतात, आणि पत्र जाते ते साठीच्या माणसाला. १९९१ च्या अमेरिकी बाळांवरून १९७३ साली इंग्लंडात जन्मलेल्या जाइल्सचे लिंग काढणारे यंत्र 'स्त्री, शक्यता ९९ टक्के' असे आत्मविश्वासाने सांगू शकते. गणित बरोबर आहे. विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

म्हणून इथे एक भेद पाळावा. दहा हजार शोधनिबंधांत स्त्रियांचा वाटा किती, असा ढोबळ अंदाज हवा असेल तर देश आणि जन्मदशक हाताशी धरून, अंदाज किती चुकू शकतो ते सांगून, नावांवरून तो काढता येतो. तेही चिनी नावे वगळून, कारण रोमन लिपीत आली की त्यांची मूळ चित्राक्षरे आणि उच्चारातले चढउतार दोन्ही हरवतात आणि ओळखायला फारसे काही उरत नाही. एका माणसाच्या नावापुढे 'श्री.' लावायचे की 'श्रीमती' हे त्यावरून ठरवता येत नाही.

कायद्याने ठरवावे का? जर्मनीत वर्षानुवर्षे नोंदणी कार्यालये असा आग्रह धरत की नावावरून लिंग कळलेच पाहिजे, नाहीतर जोडीला स्पष्ट लिंगाचे दुसरे नाव द्या. हा आग्रह मोडला तो कोणत्या नावावर? किरण! एका दांपत्याला मुलीचे नाव फक्त किरण ठेवायचे होते, कार्यालयाने नाकारले, आणि ५ डिसेंबर २००८ रोजी कार्ल्सरूह शहरातल्या जर्मनीच्या संविधान न्यायालयाने निर्णय दिला की नावाने लिंग सांगितलेच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही; मुलाचे अहित होत नाही ना, एवढेच बघायचे. आइसलँडमध्ये ब्लायर, म्हणजे वाऱ्याची झुळूक, हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी म्हणून एका मुलीचे ते नाव नोंदवले गेले नाही आणि सरकारी कागदांवर ती पंधरा वर्षे नुसती 'मुलगी' राहिली. २०१३ साली ती न्यायालयात जिंकली, आणि २०१९ च्या कायद्याने तिथे नावांची लिंगवार विभागणीच संपली. आकाश काही कोसळले नाही.

किरणवर जर्मन न्यायाधीश एवढा काथ्याकूट करत होते हे वाचून मराठी माणसाला हसू येईल. आपल्याकडे किरण मोरे आणि किरण बेदी यांच्यात कोणाचा गोंधळ होत नाही. शिरीष हे पुरुषाचे नाव म्हणावे तर आचार्य अत्र्यांची कवयित्री कन्या शिरीष पै. सुमन कल्याणपूर आपल्याला ठाऊक असतात, पण बंगालमध्ये सुमन हे पुरुषाचे नाव. ज्योती आपल्याकडे मुलगी आणि कोलकात्यात ज्योती बसू. पण आपली खरी अडचण नावात नाही, क्रियापदात आहे. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातमीत अ‍ॅशलीने काहीतरी सांगितलेले असते आणि पुढे फक्त आडनाव येत राहते; सर्वनाम न येताही बातमी संपू शकते. मराठी डेस्कवर मात्र दुसऱ्याच वाक्यात 'म्हणाला' की 'म्हणाली' हे ठरवावे लागते. आदरार्थी अनेकवचनानेही सुटका नाही, तिथे 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' उभे आहेत. घाईतला उपसंपादक किंवा यंत्रानुवाद दोन्ही मग अंदाज ठोकतात.

खरे तर मराठीत यातून वाट आहे. आधी संघाची यादी, संस्थेचे पान, अधिकृत परिचय हे बघावे. पाच मिनिटांचे काम आहे. छायाचित्रावर भिस्त नको. तरीही कळले नाही तर 'अ‍ॅशली यांनी सांगितले' असे लिहावे, कारण 'ने' लागला की क्रियापद कर्त्याचे लिंग धरत नाही. 'यांचे म्हणणे आहे', 'यांच्या मते', 'यांना वाटते' हेही चालते. वर्तमानकाळात 'येतात', भविष्यात 'येतील', दोन्ही निर्धोक. अडतो तो भूतकाळातल्या अकर्मक क्रियापदांवर: 'आले', 'गेल्या', 'पोहोचले'. तिथे वाक्य फिरवावे, 'त्यांचे आगमन झाले' असे थोडे जड झाले तरी चालेल. पदनाम निवडताना 'शास्त्रज्ञ', 'प्राध्यापक', 'खेळाडू', 'संशोधक' घ्यावे, 'अभिनेता' आणि 'लेखिका' टाळावे. चूक छापून दुसऱ्या दिवशी खुलासा देण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

फॉर्मवाल्यांसाठी काम याहून सोपे आहे. नावाच्या रकान्यातून संबोधन आपोआप भरणारी सोय काढून टाकावी. संबोधन हवेच असेल तर वेगळे विचारावे आणि 'काहीही नको' हा पर्याय ठेवावा. लिंग खरोखर लागते तिथे, म्हणजे रुग्णालयात किंवा विमानाच्या तिकिटावर, ते माणसालाच विचारावे. आणि लागत नाही तिथे, वीजबिलावर किंवा ग्रंथालयाच्या सभासदपत्रावर, विचारूच नये. जुन्या नोंदींत यंत्राने भरलेले 'श्री.' आणि 'श्रीमती' कोणते आणि माणसाने सांगितलेले कोणते हे वेगळे करता येत नसेल, तर ते सगळे पुसून पत्रे 'मा. अ‍ॅशली जाइल्स, सा. न. वि. वि.' अशी पाठवावीत.